दुसरी खुर्ची

४ नोव्हेंबर, मंगळवार

मार्तंडने आज लाल सिग्नल ओलांडला.

खऱ्या गाडीने नव्हे, पवईच्या त्या ऑफिसातल्या पडद्यावरच्या गाडीने. पण ओलांडला. उभ्या नोकरीत मालगाडी घेऊन घाट उतरताना, धुक्यात, तापाने फणफणलेला असताना, कधी एकदाही ज्याने लाल मागे टाकला नाही, त्याने गार खोलीत, मऊ खुर्चीत बसून, चहा पिऊन ओलांडला.

तिथला मुख्य, देवव्रत, फार मवाळ मुलगा आहे. म्हणाला, “काका, दिसला नाही का?”

“नसेल दिसला,” मार्तंड म्हणाला. एवढंच.

घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या, वाल परत मागून घेतले. मी नुसती वाढत राहिले.

(लोकांसमोर मी ‘हे’ म्हणते. वहीत मार्तंड. वहीत ‘तो’. वही कुणाला सांगणार आहे!)

५ नोव्हेंबर

सकाळी माझा चष्मा सापडत नव्हता. त्यानेच शोधून दिला. फ्रिजवर होता, त्याला लांबून दिसला.

मग?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

परत पवई. कॅन्टीनचं त्याला सोसत नाही, म्हणून मी डबा घेऊन जाते. मला आत बसू देतात, कोपऱ्यात.

काम काय आहे ते आता कुठे थोडं डोक्यात शिरतंय. गाडी तिकडे, चालवणारा इकडे. इंजिनात माणूसच नाही, नुसते कॅमेरे. चालवणारा शहरात एका टेबलाशी बसणार. समोर तीन पडदे, एका हाताला वेग, दुसऱ्या हाताला ब्रेक. ते टेबल आणि ती खुर्ची कशी असावी — पडदा किती उंचीवर, दांडा हातापासून किती लांब, पाठ किती कलती — हे ठरवायचं काम देवव्रतच्या लोकांचं. कुणासाठी ते सांगत नाहीत. ‘क्लायंट’ म्हणतात. मार्तंडला बोलावलंय जाणकार म्हणून. बसून बघा आणि सांगा, म्हणाले. खऱ्या गाडीला चूक झाली तर आपोआप ब्रेक लागेल, पण इथे तो मुद्दाम बंद ठेवलाय. माणूस काय करतो तेच बघायचंय त्यांना.

माणूस काय करतो ते त्यांनी मंगळवारी बघितलं.

मार्तंडने आज पहिलंच विचारलं, “दुसरी खुर्ची कुठे?”

देवव्रतला कळेना. मग मार्तंडने समजावलं. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने हात करून मोठ्याने म्हणायचं, ‘हिरवा.’ दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि तेच परत म्हणायचं, ‘हिरवा.’ दोन्ही तोंडांतून आलं की तो सिग्नल खरा. तोवर नाही.

“काका, आता घंटी वाजते ना प्रत्येक सिग्नलला. पडद्यावर चौकट येते. सिस्टिमच दुसरा माणूस आहे.”

“तिला डोळे आहेत?”

“कॅमेरे आहेत.”

“मग एकच डोळा झाला. तिचा पण तोच, माझा पण तोच.”

देवव्रत हसला. “काका, हे मी रिपोर्टमध्ये नाही लिहू शकत. मला आकडे लागतात.”

लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा मुलुंडला रस्ता ओलांडताना मार्तंड हात करून म्हणायचा, ‘हिरवा.’ आणि थांबायचा. मला कळायचं नाही का थांबलाय. मागचे लोक ढकलून पुढे जायचे. शेवटी त्याने सांगितलं, अगं, तू पण म्हण. मी म्हटलं, ‘हिरवा.’ मग आम्ही निघालो. किती तरी वर्षं तसंच ओलांडत होतो आम्ही रस्ते. कधी बंद झालं, आठवत नाही.

आज आणखी एक गंमत. रुचिरा म्हणून मुलगी आहे तिथे, मापं घेते. मला म्हणाली, “काकू, तुमची उंची?” चार फूट दहा. “परफेक्ट! आम्हाला लहान चणीची बाई हवीच होती.” बसवलं की मला खुर्चीत. पाय लोंबकळले. खुर्चीला इतक्या कळा आहेत, एक दाबली की सगळं पोट पुढे. रुचिरा म्हणते, “काकू, टेका ना मागे.” शाळेत सिस्टर फिलोमिना आमच्या पाठीशी लाकडी पट्टी धरून फिरायच्या, ‘लेडीज डोन्ट स्लाउच’. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला टेकायला सांगितलं. मला टेकताच येईना.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज परत. लाल होता, मला कोपऱ्यातून दिसला, आणि मार्तंड सरळ पुढे.

भाऊरावांचंही असंच सुरू झालं होतं. माझे थोरले दीर. आधी गॅस चालू राहायचा. मग भांडुप स्टेशनवरून घर सापडेना. मग एक दिवस मला अगदी अदबीने विचारलं, “बाई, आपण कोण?” मी त्यांना रोज वाढत होते.

नाही लिहीत पुढे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं सांगून मुलुंडला डॉक्टरांकडे नेलं. डोळे उत्तम! रंग बरोबर ओळखतो. मी हळूच बाहेर डॉक्टरांना भाऊरावांचं सांगितलं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काका, आज वार कोणता?”

“बुधवार. हिला विचारा, घरी कोलंबी सोलून ठेवलीय.”

डॉक्टर हसले. मीही हसले. रिक्षात माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला तपासून आणलंस होय?”

डोळे चांगले, वार माहीत, कोलंबी माहीत. मग लाल का दिसत नाही? कुणाला विचारू मी हे?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी गाडी चालवली!

झालं असं की देवव्रत म्हणाला, क्लायंटला हेही बघायचंय, अगदी नवख्या माणसाला हे टेबल किती लवकर जमतं. “काकू, बसता का दहा मिनिटं?” मी मार्तंडकडे बघितलं. तो म्हणाला, “बस की.” पण त्याचा आवाज असा, जसा पाहुण्याला ‘राहा की’ म्हणताना होतो.

पायाखाली पाट दिला. दांडा जवळ ओढून दिला. आणि काय सांगू, पाच मिनिटांत माझे हात कुठल्या कुठे गेले. भांडुपच्या कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते, नितेश होईपर्यंत. बोर्डावर दिवा लागला की दोरी उचलायची आणि खोचायची. खाच शोधायची नसते, हाताला ठाऊक असते. कानात एक बोलतोय, समोर तीन दिवे लागलेत, आणि साहेब काचेतून बघतायत. तसंच होतं सगळं. हिरवा गेला, पिवळा आला, वेग उतरवला, लाल आला. थांबवली. आठवणीतली सगळी सकाळ परत आल्यासारखं वाटलं. नायलॉनची साडी, खिडकीतून येणारा बिस्किटांच्या भट्टीचा वास, आणि जागेवरून न उठता सगळी फॅक्टरी हलवणारी मी.

टाळ्या वाजल्या. रुचिरा म्हणाली, “काकू, झकास!”

मागे वळले. मार्तंड फरशीकडे बघत होता.

रिक्षा गांधीनगरला अडकली तेव्हा म्हणाला, “छान बसलीस.”

१५ नोव्हेंबर

मला आनंद झालाय. नवरा आजारी असेल-नसेल, आणि मला आनंद झालाय. काय बाई आहे मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परत चालवली, तीन वेळा, छोट्या छोट्या फेऱ्या. तिन्ही वेळा बरोबर थांबवली. मार्तंडची एक फेरी, आणि परत लाल ओलांडला. देवव्रतने माझ्यासमोरच पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, एक माझी, एक त्याची. “काकू, तुमचा डेटा हिरा आहे. आधी मला वाटत होतं काकांचं खरं की काय, एकट्याला नाही झेपत. पण हे वयाचं आहे. डिझाइन बरोबर आहे.”

हे वयाचं आहे. मार्तंडने ऐकलं. डब्याची पिशवी उचलली आणि लिफ्टकडे गेला.

रात्री नितेशला फोन केला. म्हटलं ऐकून हसेल. तोही गाडीवरच आहे ना, रायगडात एका कारखान्याची स्वतःची लाइन आहे, धक्क्यावरून माल आणायची, तिथे असिस्टंट. ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. मी सगळं रंगवून सांगितलं. तो हसला नाही.

“किती वेळा थांबवलीस बरोबर?”

“चारही वेळा.”

मला वाटलं फोन कट झाला.

“रविवारी येतो,” म्हणाला. “बाबांना सांग येतोय म्हणून.”

२३ नोव्हेंबर, रविवार

कसं लिहू. जसं झालं तसं लिहिते.

नितेश आला. जेवला. मार्तंड आणि तो दोघं बाल्कनीत उभे, मी भांडी घासतेय. नितेशचा आवाज आला, “बाबा, आईला सांगितलंच नाही तुम्ही?”

मी हात न धुता बाहेर गेले. “काय नाही सांगितलं?”

नितेशच बोलला. “आई, ते टेबल आमच्या लाइनसाठी आहे. आमचाच कारखाना. एका खुर्चीत भागलं तर आम्ही सगळे असिस्टंट घरी. ड्रायव्हरांना टेबलावर घेतील, आम्हाला कशाला घेतील?”

मी मार्तंडकडे बघितलं. तो समोरच्या बिल्डिंगकडे बघत होता.

“मी तोंडाने सांगून बघितलं,” म्हणाला. “तू होतीस तिथे. दोन खुर्च्या ठेवा म्हटलं. त्याला आकडे पाहिजे होते. मी आकडे दिले.”

“म्हणजे तुम्हाला दिसत होता?”

“न दिसायला काय झालं? एवढा मोठा लाल.”

मला आधी हसूच आलं. मग बसायला झालं. खुर्ची नव्हती, उंबऱ्यावर बसले. मग इतका राग आला! इतके दिवस मी गॅस तपासतेय, रात्री उठून दाराची कडी बघतेय, भाऊराव माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आणि ह्याला दिसत होता.

“मला का नाही सांगितलं?”

“तुला खोटं जमत नाही. नन लोकांनी बिघडवलंय तुला. तुझ्या तोंडावरच दिसलं असतं त्या पोराला.”

“बाबांनी त्यांची चांगली वाट लावली होती,” नितेश म्हणाला, “तू येऊन सगळं रुळावर आणलंस.” हसत म्हणाला. मग म्हणाला, “मी सांगितलं नव्हतं हां बाबांना असं करायला. मला कळलं तेव्हा दोनदा करून झालं होतं.”

तो गेल्यावर मी मार्तंडला विचारलं. खरं सांगा, एकट्याला खरंच नाही झेपत का? नितेशचं बाजूला ठेवून सांगा.

मग म्हणाला, “मला झेपलं असतं गं. म्हणून तर मुद्दाम चुकावं लागलं.”

२५ नोव्हेंबर, मंगळवार

देवव्रतचा फोन. नऊ तारखेला मोठी चाचणी. क्लायंटची माणसं येणार. छोटी फेरी नाही, धक्क्यापासून कारखान्यापर्यंत आणि परत, पूर्ण दीड तास, एका बैठकीत. “काकू, तुम्हीच हव्यात. नवखी व्यक्ती, वय साठीच्या पुढे, एकटी. तुम्ही केलंत की प्रश्नच मिटला.”

मी म्हटलं, विचारून सांगते. कुणाला विचारून, ते त्याने विचारलं नाही. बिचाऱ्याला वाटलं, ह्यांना.

२६ नोव्हेंबर

नाही म्हणावं. नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला तरी बसवतील, आणि तिला जमेल.

हो म्हणून नीट चालवली तर नितेश घरी.

हो म्हणून मुद्दाम चुकले तर — देवव्रतच्या तोंडावर खोटं. त्या मुलाने मला पायाखाली पाट दिला. माझ्या उंचीचं टेबल त्याने कापून खाली आणलं. उद्या कुणी ठेंगणी मुलगी गाडी चालवेल ती त्या पाटामुळे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आणि ते टेबल वाईट आहे असंही नाही. हेच तर कळत नाही मला. मार्तंडचा डावा कान इंजिनाने खाल्ला. पाठ गेली. उन्हाळ्यात घरी यायचा तेव्हा शर्टावर मिठाची रेघ, आंघोळीआधी बोलायचासुद्धा नाही. कितीदा तरी मी देवापुढे म्हटलंय, ह्याला एक बरी खुर्ची मिळू दे. आता खुर्ची आली आहे. ती मोडायला मीच बसलेय?

लहानपणी कन्फेशनचं मला नवल वाटायचं. आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर, आणि मेबल, डोरिन आत जाऊन हलक्या होऊन यायच्या. मी एकदा सिस्टर फिलोमिनांना विचारलं होतं, पाप करायच्या आधी जाऊन सांगितलं तर चालतं का? फार हसल्या होत्या.

२ डिसेंबर, मंगळवार

आज चहाच्या वेळी सरळ विचारलं. “मी काय करू?”

“जमतंय तशी चालव.”

“आणि नितेश?”

“नितेशला दोन हात आहेत.”

“मग तुम्ही का चुकलात?”

“मी बाप आहे.”

“आणि मी कोण?”

कप विसळायला उठला. हा माणूस आयुष्यात कप विसळायला उठला नव्हता.

५ डिसेंबर

देवव्रतला हो कळवलं. रुचिराने खुर्चीची माझी मापं सेव्ह करून ठेवलीत म्हणे. एक कळ दाबली की खुर्ची माझी होते.

८ डिसेंबर, सोमवार

ठरलं. एकच लाल. एकच सोडायचा, जास्त नाही. दिसला तरी हात दांड्यावर तसाच ठेवायचा, दहा आकडे मोजायचे, मग थांबवायची. मार्तंडने कसं केलं होतं ते आठवून बघितलं. तो डोळे मिटत नव्हता. मलाही मिटून चालणार नाही, डोळ्यांवर त्यांचा कॅमेरा असतो.

मार्तंडला सांगितलं नाही. पण त्याला कळलंय. रात्री माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या त्यानेच आणून ठेवला, आणि म्हणाला, “सोडशील तेव्हा घाई करू नकोस. आरामात सोड.”

९ डिसेंबर, मंगळवार

खुर्ची इतकी आरामाची होती, टेकून बसले मी आज. खांब, गवत, खांब, गवत, मधूनच एक हिरवा. घंटी वाजली की बंद करायची. मी लालची वाट बघत बसले होते. येईल, मग दहा आकडे. येईल, मग दहा आकडे. आणि गाडी परत धक्क्याशी पोचली, फेरी संपली.

मला वाटलं, लाल ठेवलाच नव्हता त्यांनी. सुटले.

देवव्रत आत आला. तोंड उतरलेलं. रेकॉर्डिंग लावलं. मधल्या पडद्यावर लाल, लख्ख, लांबूनच दिसतोय. घंटी वाजतेय. माझं बोट ती बंद करतंय. माझे डोळे उघडे, सरळ त्याच्यावर. गाडी पुढे.

मला तो दिसलाच नव्हता.

बाहेर जिन्यात मार्तंडने हळूच विचारलं, “जमलं ना?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. अजून त्याला सांगितलेलं नाही.